शेवटच्या गाडीमागे

१

स्टाइनहेडाच्या पठारावर वादळ येणार म्हटलं की अलीकडच्या फाटकाशी जमलेले लोक दोघांना भीत. एक वादळाला आणि दुसरं गुनवोरला. वादळ काय करणार ते निदान रेडिओवर सांगत तरी. गुनवोर काय करणार, हे सांगणारा अजून जन्माला यायचा होता.

काम तिचं साधं. वादळात या पठारावर एकट्यादुकट्या गाडीला सोडत नाहीत. सगळ्या गाड्या फाटकाशी गोळा करायच्या, पुढे बर्फ लोटणारा टोर्गेरचा ट्रक, त्यामागे गाड्यांची रांग, आणि रांगेच्या शेपटाला गुनवोरची गाडी, टपावर नारिंगी दिवा फिरतोय. कुणी घसरलं, कुणी रुतलं, कुणाची मधेच पाचावर धारण बसली, तर त्याला उचलून आणायचं. शेवटच्या गाडीचा धर्म एकच, आपल्या मागे माणूस राहता कामा नये. गुनवोरच्या सबंध हयातीत पठारावर कुणी राहिलं नव्हतं. या एका गोष्टीची ती थट्टा करत नसे. बाकी सगळ्या जगाची करी.

त्या दिवशी ती गाड्या तपासत हिंडत होती. आभाळ ताकासारखं झालं होतं, वारा नुकताच शीळ घालायला शिकत होता.

"टाकी भरलीय? फावडं? घोंगडी? थर्मास?" एका शहरी पाहुण्याच्या पायांकडे तिची नजर गेली. "अहो, हे बूट नाचायचे. पठारावर बर्फाशी नाचणार का तुम्ही?"

"गाडीतून उतरायचंच नाही ना पण?"

"उतरायचं नाहीच. पण गाडीनंच तुम्हाला उतरवलं तर?" असं म्हणून तिनं आपले जुने लोकरी मोजे त्याच्या मांडीवर फेकले. त्यांचा वास त्या बिचाऱ्याला घाटभर पुरला.

पुढची गाडी पाद्रीबुवांची. मागच्या सीटवर लग्नाचा केक, बदामाच्या कड्यावर कडं रचून केलेला, लहान मुलाएवढा उंच, पट्टा लावून बसवलेला.

"पाद्रीबुवा, फावडं कुठाय?"

"देव आहे ना, गुनवोर."

"देव आहे हो, पण त्याच्याकडे फावडं नाही." तिनं आपलं एक त्यांच्या डिकीत घातलं. "तुम्ही माझ्या पुढे राहा. तुमच्या मागच्या लाल दिव्यावर माझी नजर. आणि केकला धक्का लागला तर लग्न मी लावीन, तुम्ही भांडी घासा."

लग्न गुनवोरच्या भाचीचं, सुन्निवाचं. नवरा, वऱ्हाड, जेवण, सगळं पठारापलीकडच्या गावात. नवरी मात्र अलीकडे, कारण घराण्याचा चांदीचा मुकुट आजीच्या पेटीतून स्वतः नवरीनंच आणायचा असतो, दुसऱ्यानं आणला तर चालत नाही. ती काल आली आणि वादळ अंदाजाच्या दोन दिवस आधीच निघालं. आता ही एक रांग पलीकडे गेली की रस्ता बंद, किती दिवस ते वाऱ्यालाच ठाऊक. सुन्निवाची स्वतःची गाडी इवलीशी, बॅटरीवरची. तिला टोर्गेरनं फाटकातच नकार दिला. म्हणून नवरी मावशीच्या शेजारी येऊन बसली, अंगात जड लोकरी पोशाख, डोक्यावर मुकुट. मुकुटाला चांदीची पानं लोंबत होती, ती जरा हललं की किणकिणत.

"मुकुट काढून मांडीवर ठेव की गं."

"विस्कटलेली वेणी परत कोण घालणार? तू?" सुन्निवानं तिच्याकडे रोखून पाहिलं. "आणि मावशी, आज थट्टा नको हं. माझं लग्न आहे."

"लग्नात काय रडायचं असतं?"

गुनवोरनं फाटक आतून ओढलं, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. मागे आता कुणी येणार नव्हतं.

२

पहिला तासभर तर जत्राच होती. टोर्गेरच्या ट्रकात शेजारी आस्मुंद बसला होता, लग्नात व्हायोलिन वाजवणारा म्हातारा, वाद्य कोटात पोटाशी धरून. टोर्गेरनं एकमेकांशी बोलायच्या रेडिओचं बटण दाबून धरलं आणि आस्मुंदनं नवरीला सासरी नेण्याची चाल छेडली. ट्रकाच्या प्रत्येक हिसक्याला एक सूर उडी मारत होता. सुन्निवा हसून हसून डोळे पुसायला लागली.

"आस्मुंद," गुनवोर रेडिओत म्हणाली, "व्हायोलिन वाजवतोयस की मांजर इस्त्री करतोयस?"

"तुझ्या लग्नात यापेक्षा वाईट वाजवलं होतं," आस्मुंद म्हणाला, "म्हणून तर नवरा लवकर गेला."

"मेला नाही रे, बहिरा झाला. मग मेला."

टोर्गेर मधे बोलला. "गुनवोर, माझ्या थर्मासला हात लावलेला नाहीस ना?" गेल्या आठवड्यात तिनं त्याच्या कॉफीत माशाचं तेल ओतलं होतं. टोर्गेर दोन दिवस सीलसारखा ढेकर देत होता. "तुझीही पाळी येईल म्हातारे. लक्षात ठेव."

"वाट बघतेय."

बर्फ आता वरून पडत नव्हतं, आडवं वाहत होतं. रस्ता दिसेना, नुसत्या कडेच्या काठ्या दिसत. शरद ऋतूत रोवलेल्या उंच काठ्या, टोकाला चमकणारी पट्टी. एक काठी, पांढरं, दुसरी काठी, पांढरं. पुढे पाद्रीबुवांचे लाल दिवे. हीटरची घरघर, वायपरची धडपड, मुकुटाची किणकिण.

गुनवोरनं सवयीनं आरशात पाहिलं. शेवटच्या गाडीच्या आरशात बघण्यासारखं काही नसतं. काळोख, आणि आपल्याच दिव्यानं नारिंगी होणारं बर्फ.

आरशात एक दिवा होता.

३

एकच. ताज्या लोण्याच्या रंगाचा. जरा खाली, गाडीच्या दिव्याहून खाली, आणि किंचित डुलणारा.

आपलाच दिवा बर्फावर पडून परत येत असेल, गुनवोरला वाटलं. तिनं टपावरचा दिवा क्षणभर बंद केला. मागचा तसाच राहिला.

"काय झालं?" सुन्निवानं विचारलं.

"काही नाही. टोर्गेरनं मला गंडवायचं ठरवलंय." आणि तिला खरंच बरं वाटलं. गुदगुल्याच झाल्या म्हणा ना. इतकी वर्षं टोर्गेर 'तुझी पाळी, तुझी पाळी' करत होता, शेवटी गड्यानं काहीतरी केलं! पलीकडच्या फाटकावरच्या आइविनला बर्फावरची स्कूटर दिली असणार, हातात जुना कंदील, आणि दगडामागे लपून बस म्हणून सांगितलं असणार. वादळात. शाबास. असली थट्टा तिनं स्वतः केली असती तर स्वतःला बक्षीस दिलं असतं.

तिनं रेडिओ उचलला. "टोर्गेर, आइविनला म्हणावं, कंदील छान आहे. पण सर्दी होईल."

"कसला कंदील?"

"माझ्या मागे आहे तो."

ट्रकातून दोघं खो खो हसले. "ऐकलंस आस्मुंद? गेल्या वर्षी म्हणे रेनडिअर हिला ओव्हरटेक करत होतं. आज कंदील आलाय. उद्या पुलावरून देवमासा येईल."

तेवढ्यात तिसरा आवाज आला, पलीकडच्या फाटकावरून, तोंड भरलेला. "मला कुणी हाक मारली का? मी खोलीत आहे. वॅफल खातोय. वऱ्हाडानं पाठवलेत. जॅमसकट."

आइविन होता. मागे त्याच्या खोलीतल्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती.

गुनवोरनं रेडिओ खाली ठेवला. मग कुणी? फाटकाला कुलूप तिनं लावलं होतं. फाटकाला वळसा घालून आलेला एखादा दीडशहाणा? असतात तसले. पण मग गाडीचे दिवे दोन हवेत, पांढरे हवेत, डोळ्यांत खुपायला हवेत. हा खुपत नव्हता. एका डोळ्याची गाडी असेल, दुसरा दिवा फुटला असेल. पिवळी काच असेल. ती स्वतःशी वाद घालत राहिली आणि प्रत्येक वाद जिंकत राहिली.

मग वाऱ्याचा मोठा लोट आला. पुढचं सगळं पुसलं गेलं. पाद्रीबुवांचे दिवे हाकेच्या अंतरावर होते, ते दुधात बुडावेत तसे बुडाले. काठ्या गेल्या. स्वतःच्या गाडीचं नाक दिसेना.

आरशातला दिवा जसाच्या तसा होता. धूसरसुद्धा झाला नाही.

लोट ओसरला तशी सुन्निवा हळूच म्हणाली, "मावशी, ही थट्टा तू करतेयस का?" ती मागे वळून पाहत होती.

"नाही गं."

"शपथ?"

गुनवोरनं शपथ घेतली नाही. नुसतं तिच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यानं सुन्निवाला कळलं, आणि मुकुटाची पानं कुणी न हलवता किणकिणली.

४

आता बघा कसा पेच पडतो. मागे माणूस असेल तर त्याला पुढे घ्यायचं आणि आपण पुन्हा शेवटी जायचं. नियमच तो. पण थांबलं तर पाद्रीबुवा पुढे निघून जाणार. ट्रकानं उघडलेला रस्ता काही मिनिटांत बुजतो, मग शेजारी नवरी घेऊन पठारावर रात्र काढा. काढता येईल का, ते सकाळी दुसऱ्याच कुणीतरी येऊन बघायचं. आणि न थांबलं, आणि खरंच कुणी असलं तर?

"टोर्गेर," ती म्हणाली, "मी थांबतेय. मागच्याला पुढे घेते."

"गुनवोर, पुरे आता. मला थांबता येणार नाही, माहीत आहे तुला. थांबलो तर अख्खी रांग रुतेल."

"तू चालत राहा. मला रस्ता ठाऊक आहे."

"खरंच काहीतरी आहे की काय?" हसू थांबलं होतं.

"तेच बघते," असं म्हणून तिनं गाडी कडेला घेतली, जिथे पठाराच्या माथ्यावर रस्ता जरा रुंद होतो. पाद्रीबुवांचे लाल दिवे लहान झाले आणि विझल्यासारखे गेले.

मागचा दिवाही थांबला.

तिनं खिडकीची काच खाली केली, हात बाहेर काढला आणि 'पुढे या, पुढे या' अशी खूण केली. बोटं लगेच बधिर झाली. दिवा हलला नाही. डुलला फक्त, हातात धरलेला डुलावा तसा.

इंजिनाचा आवाज मागून येत नव्हता. कसलाच येत नव्हता. म्हणजे वारा होता, पण वाऱ्याच्या खाली एक शांतता होती, आणि ती रिकामी नव्हती. चर्चमध्ये सगळे येऊन बसलेत, प्रार्थना सुरू व्हायचीय, तेव्हा असते ना, तशी. पुष्कळ अंगांची, ओल्या लोकरीची.

कुणीतरी खोकलं. दुसऱ्या कुणीतरी 'शूऽ' केलं.

सुन्निवानं मावशीच्या दंडात नखं रोवली. "ऐकलंस?"

"हं."

मग वाऱ्यानं क्षणभर श्वास घेतला आणि मागचा उतार दिसला. त्या दिव्यामागे दुसरा दिवा होता. त्यामागे तिसरा. मागे, आणखी मागे, जिथून त्या आल्या होत्या त्या चढावर वळणावळणानं, दिसेल तिथवर दिवे. सगळे थांबलेले. गुनवोर थांबली म्हणून थांबलेले. आणि दोन दिव्यांत सारखं अंतर. इतकं नेमकं की गुनवोरचा जीव मुठीत होता तरी तिच्या मनात आलं, मेले शहाणे आहेत. आमचे पाहुणे कधी इतकं नीट अंतर ठेवतील तर शपथ.

पांढरा पडदा पुन्हा पडला. पहिला दिवा तेवढा राहिला.

"आपल्याला धरायला आलेत का गं?" सुन्निवाचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता.

गुनवोर विचार करत होती. धरायचं असतं तर केव्हाच धरलं असतं. थांबलं की थांबतात, चाललं की चालतात. पुढे जा म्हटलं तर जात नाहीत. असं कोण करतं? पठारावर असं एकच माणूस करतं. ज्याला रस्ता ठाऊक नसतो आणि ज्यानं पुढच्याचा लाल दिवा धरलेला असतो.

"धरायला नाही," ती म्हणाली. "खाली जायचंय त्यांना."

"कुणाला?"

"ते मी कुणालाच विचारत नाही. फाटकाशी मी फावडं आहे का विचारते, बारसं कधी झालं ते नाही."

 सुन्निवानं मुकुट दोन्ही हातांनी सरळ केला, पाठ ताठ केली. "मग ने त्यांना," ती म्हणाली. "माझ्या लग्नाच्या वाटेवर कुणी मागे राहिलं असं मला नकोय."

गुनवोरनं डोकं खिडकीबाहेर काढलं. वारा तोंडात घुसला. फाटकाशी प्रत्येक रांगेला ती जे ओरडून सांगते तेच तिनं अंधाराला ओरडून सांगितलं.

"ऐका रे सगळे! पुढच्याच्या दिव्यावर नजर! अंतर सोडायचं नाही! मधे थांबायचं नाही, खाली उतरायचं नाही! आणि कुणाला लघवीची घाई असली तर आवळून धरा!"

सुन्निवाला हसू फुटलं, रडता रडता फुटतं तसं.

मागचा दिवा एकदा खाली झाला आणि वर आला. मान हलवावी तसा.

५

खाली उतरणं सोपं नव्हतं. ट्रकाची वाट बुजली होती. सुन्निवानं आपल्या बाजूची काच उघडून डोकं बाहेर काढलं, मुकुटासकट, आणि काठ्या शोधायला लागली.

"काठी!"

"दिसली."

"काठी! मावशी, डावीकडे घे, डावीकडे, अगं दरीत घालतेस का मला!"

"तुझा नवरा पाहिलाय मी. दरी बरी."

"काठी!"

बर्फानं तिचे गाल लाल झाले, भुवया पांढऱ्या झाल्या, चांदीच्या पानांवर चांदीहून पांढरे थर बसले. मधेच काठी सापडेना. गुनवोर रांगावं तशी गाडी चालवत होती, आणि तरी पुढे काही येईना. तेव्हा रेडिओ खरखरला आणि आस्मुंदचं व्हायोलिन आलं. टोर्गेर खालच्या वळणावर पोचला होता. बोलत काहीच नव्हता, बटण दाबून बसला होता. व्हायोलिनच्या मागे ट्रकाचा भोंगा वाजत होता, लांब, थांबून थांबून. तोच भोंगा मग उघड्या खिडकीतूनही ऐकू यायला लागला, उजवीकडून, खालून.

"उजवीकडे," गुनवोर म्हणाली आणि वळली. काठी समोर आली.

त्यानंतर तिनं जोर केला नाही. करता आला असता. पण आरशातला दिवा वळणावर जरा मागे पडला, तर ती पाय काढून घेई, तो परत अंतरावर येईपर्यंत. दोनदा तिनं वळणाच्या पलीकडे थांबून वाट पाहिली. सुन्निवानं तिला घाई कर म्हटलं नाही. नवरी, जिच्या लग्नाला उशीर झाला होता, तीच मागे वळून सांगत होती, "आला. चल आता."

"गुनवोर, कुठे आहेस?" टोर्गेरचा आवाज अखेर आला. थट्टेचा टिपूससुद्धा नव्हता त्यात. "सगळे खाली पोचले. पाद्रीसुद्धा. केकसुद्धा."

"आलेच. मागे पाहुणे आहेत, म्हणून सावकाश."

टोर्गेर हसला नाही. त्यानं भोंगा पुन्हा दाबला, लांब.

६

पलीकडच्या फाटकाशी आइविन वर केलेल्या आडव्या खांबाच्या दोरीला हात लावून उभा होता, ओठांच्या कोपऱ्यात जॅम.

"आलात! लोकांनी रडायची तयारी केली होती, जेवण गार होतंय." त्यानं दोरी सोडायला घेतली. "शेवटची तूच ना?"

"आज नाही," गुनवोर म्हणाली. "वरच राहू दे."

"आता काय नवीन? मागे रेनडिअर आहे?"

"तूच बघ. मी नवरीला पोचवते."

तो दात काढत मागच्या अंधाराकडे वळला. गुनवोरनं गाडी हलवली. पुढे दिव्यांचं गाव होतं, हॉलच्या सगळ्या खिडक्या पेटलेल्या, दारात माणसं हात हलवत होती. तिनं एकदाच आरशात पाहिलं. आइविननं टोपी काढली होती. वादळात, उघड्या डोक्यानं, टोपी छातीशी धरून तो फाटकाच्या कडेला उभा होता. आणि थोड्या थोड्या वेळानं अदबीनं मान लववत होता. एकदा. मग पुन्हा एकदा.

लग्न लागलं. पाद्रीबुवांच्या बुटांत बर्फाचं पाणी पचपचत होतं, म्हणून त्यांनी प्रवचन आखूड केलं, आणि लोकांनी देवाचे मनापासून आभार मानले. केकचं सगळ्यांत वरचं कडं नवरानवरीनं मोडलं. मटण आलं, बटाटे आले, तपकिरी चीज आलं, गरम बिअर आली. सुन्निवानं पठारावरच्या गोष्टीचा शब्दही काढला नाही. टोर्गेर गुनवोरशेजारी येऊन बसला आणि त्यानं तिच्या पेल्यात बिअर ओतली.

मग टेबलं भिंतीला लागली आणि आस्मुंदनं रिंगणाची चाल धरली. एकमेकांचे हात धरून गोल फिरायचं, दोन पावलं पुढे, एक मागे, पायांचा ठेका असा की जमीन हलावी. गुनवोरच्या उजव्या हाताला सुन्निवा, डाव्या हाताला टोर्गेर.

रिंगण वाढत होतं. हॉल तोच, वऱ्हाड तेच, पण सारखं कुणीतरी म्हणे, "जरा सरका, जागा करा," आणि लोक हसत सरकत, पाठी भिंतीला लागेपर्यंत सरकत. दाराशी बूट आपटून बर्फ झाडल्याचा आवाज येत होता, येतच होता. कुणी दार लावत नव्हतं. थंडी कुणालाच वाजत नव्हती. ओल्या लोकरीचा वास दरवळला होता, आणि ठेका इतका दमदार पडत होता की छताचे दिवे डुलत होते.

गुनवोरला समोर टोर्गेर दिसला. रिंगणाच्या पार पलीकडच्या बाजूला, घामाघूम, आनंदानं लाल झालेला.

तिच्या डाव्या हातात हात होता. जाड लोकरी हातमोजा, बर्फानं कडक झालेला, आत बोटं बारीक आणि गार. इतकी गार, की तिचा हात कोपरापर्यंत दुखला. त्या हातानं तिचा हात घट्ट धरला नव्हता. सोडून दिलात तरी चालेल, अशा बेतानं धरला होता.

उजवीकडे सुन्निवाचा मुकुट किणकिणत होता. डावीकडे गुनवोरनं पाहिलं नाही.

"काय गार हात आहे गं बाई तुझा," ती समोर बघतच म्हणाली. "लांबून आलीस वाटतं. ये, नीट धर."

बोटं क्षणभर थबकली. मग त्यांनी नीट धरलं. आस्मुंदनं चाल आणखी जलद केली, गुनवोरनं पाय आपटला, डावीकडल्या पायानंही आपटला, ठेक्यावर, जरासुद्धा न चुकता. तिसऱ्या फेरीला हातमोज्यातून पाणी ठिबकायला लागलं. पाचव्या फेरीला तो हात तिच्या हाताइतकाच ऊबदार झाला होता.